प्लेटलेट उतरल्या, तर आधी औषधांच्या तारखा पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्लेटलेट कमी झाल्या असे कळले की नातेवाइकांची पहिली धावपळ होते ती पिशवी मिळवण्यासाठी. या विषयावर वर्तमानपत्रांत येते तेही बहुधा आकड्यांविषयी आणि रक्तदात्यांविषयी. आकडा का उतरला हा प्रश्न मागे पडतो. त्याचे एक उत्तर तर फार उशिरा कुणाच्या तरी लक्षात येते, ते म्हणजे रुग्णाला चालू असलेले औषध. आम्ही रक्तविकारांचे निदान आणि उपचार करणारे डॉक्टर आहोत. औषधाच्या निमित्ताने शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच प्लेटलेटवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर उलटते तेव्हा आत काय घडते, ते कसे ओळखायचे आणि कुठे चुका होतात, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहोत. ते लांबले आहे याची जाणीव आहे, पण हा विषय अर्धा सांगितला तर न सांगण्यापेक्षा वाईट.

दोन रुग्णांच्या रिपोर्टवर एकच आकडा छापून येतो, समजा ४५ हजार. त्यातल्या एकाच्या हिरड्यांतून रक्त येत असते, आणि दुसऱ्याच्या पायातल्या शिरेत गुठळी धरत असते. पहिल्याचे नेमके औषध ओळखून थांबवले की बहुतेक काम होते. दुसऱ्याचे औषध नुसते थांबवून भागत नाही, रक्त गोठू न देणारे वेगळे औषध त्याच दिवशी सुरू करावे लागते. पहिल्याला जोराचा रक्तस्राव असेल तर प्लेटलेट चढवणे योग्य ठरते, दुसऱ्याला चढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. कागदावर सारखे दिसणारे हे दोन आजार वेगळे काढता येतात ते औषधांची नावे आणि त्यांच्या तारखा पाहूनच.

आधी रक्तस्रावाच्या प्रकाराविषयी. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एक प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते आणि अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज नव्या प्लेटलेट तयार करते. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात, ज्यांच्या आधाराने ती जखमेला आणि दुसऱ्या प्लेटलेटला चिकटते. मलेरियावरच्या क्विनीनसारखे औषध रक्तात असताना काही थोड्या लोकांच्या शरीरात एक चमत्कारिक प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, तयार होते. ती एकटी प्लेटलेटला चिकटत नाही, एकट्या औषधालाही घट्ट धरत नाही. औषध आणि प्लेटलेटवरचे प्रथिन एकत्र आले की मात्र ती दोघांना मिळून पकडते आणि प्लीहा त्या प्लेटलेट खाऊन टाकते. औषध रक्तातून गेले की तीच अँटीबॉडी निरुपद्रवी होऊन फिरत राहते. प्रयोगशाळेत हे नीट दिसते. रुग्णाचा सिरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, निरोगी माणसाच्या प्लेटलेट आणि औषध एकत्र केले की चाचणी पॉझिटिव्ह येते. चाचणीत प्लेटलेट धुण्याच्या द्रावणात औषध घालायचे राहून गेले, तर अँटीबॉडी सुटून जाते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो.

क्विनीनमुळे अंगावर रक्ताचे डाग येतात हे १८६५ सालीच व्हिपन या डॉक्टरांनी नोंदवले होते. यादी तेव्हापासून वाढतच गेली. को-ट्रायमॉक्साझोल, रिफाम्पिसिन, व्हँकोमायसिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, पिपरॅसिलिन, आयब्युप्रोफेन, ऑक्सालिप्लॅटिन ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे. ही औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. ती घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना असे काही होत नाही आणि कुणीही हे पत्र वाचून चालू असलेले फिटचे किंवा क्षयरोगाचे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

काळाचे गणित मात्र पक्के असते. औषध पहिल्यांदाच घेतले असेल तर प्लेटलेट घसरायला साधारण ५ ते १० दिवस लागतात, कारण अँटीबॉडी बनायला तेवढा वेळ लागतो. रोज घेतल्या जाणाऱ्या औषधात कधी याहून उशीरही होतो. तेच औषध पूर्वी घेतलेले असेल, तर काही तासांतच आकडा कोसळतो. हृदयाच्या अँजिओप्लास्टीत पूर्वी वापरले जाणारे अ‍ॅब्सिक्सिमॅब, आणि आजही वापरली जाणारी टायरोफिबान, एप्टिफिबाटाइड ही औषधे याला अपवाद आहेत. त्यांत पहिल्याच डोसनंतर काही तासांत घसरण होऊ शकते, कारण काही लोकांच्या रक्तात त्यांना ओळखणाऱ्या अँटीबॉडी आधीपासूनच असतात. म्हणून या औषधांनंतर २ ते ४ तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी काउंट पाहायचा असतो.

चित्र असे दिसते. आधी थंडी, ताप, मळमळ, डोके हलके होणे. मग पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, जे बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. त्यानंतर गालाच्या आत आणि जिभेवर रक्ताने भरलेले फोड. तोंडातले हे फोड दिसले की काउंट बहुधा २० हजारांच्या खाली गेलेला असतो, आणि तेव्हा सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी इथे एक साधी खातरजमा करून घ्यावी. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे काही लोकांच्या प्लेटलेट नळीतच गुठळून बसतात, आणि मशीन त्यांना मोजत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा नमुना घ्यावा, येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणावे आणि स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावा. स्मिअर न पाहता केवळ मशीनच्या आकड्यावर उपचार ठरवणे आम्हाला मान्य नाही.

उपचार म्हणजे औषध थांबवणे. पण कोणते? पाच-सहा औषधे चालू असतील तर घसरणीआधीच्या दोन आठवड्यांत नव्याने सुरू झालेले प्रत्येक औषध संशयित धरायचे, आणि ज्यांच्यावाचून चालते किंवा ज्यांना रचनेने वेगळा पर्याय आहे ती सगळी एकदम बदलायची. एकेक थांबवून वाट पाहण्याइतका वेळ १० हजारांच्या काउंटला नसतो. रक्तस्राव गंभीर असेल तर प्लेटलेट द्याव्यात, सोबत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, किलोमागे १ ग्रॅम, देता येते. स्टेरॉइड बहुतेक ठिकाणी दिले जाते, पण या आजारात त्याचा उपयोग नीटसा सिद्ध झालेला नाही. औषध शरीरातून निघून गेले की एक-दोन दिवसांत आकडा चढू लागतो आणि साधारण आठवड्यात पूर्ववत होतो. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसात व्हँकोमायसिन रेंगाळते, तिथे जास्त दिवस धरावेत. औषध निघून गेल्यावर दोन आठवडे होऊनही काउंट हलत नसेल, तर कारण दुसरे आहे.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे या रुग्णांवर आयटीपीचा, अर्थात आपोआप प्लेटलेट नष्ट होण्याच्या आजाराचा, शिक्का बसणे. स्टेरॉइड सुरू होते आणि औषधही योगायोगाने बंद झालेले असते. काउंट वाढतो, श्रेय स्टेरॉइडला जाते, आणि रुग्ण घरी जाऊन तीच गोळी पुन्हा घेतो. अशा चक्रात प्लीहा काढून टाकण्यापर्यंत वेळ गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ज्याचा ‘आयटीपी’ अचानक येतो, चार दिवसांत पूर्ण बरा होतो आणि काही महिन्यांनी तसाच पुन्हा येतो, त्याला औषधांविषयी पुन्हा पुन्हा विचारले पाहिजे. विचारताना ‘काही औषध घेता का’ एवढे पुरत नाही. पायात गोळे येतात म्हणून अधूनमधून घेतलेली गोळी, अंगदुखीची गोळी, जडीबुटीचे चूर्ण, हे लोकांच्या लेखी औषध नसते. क्विनीन तर टॉनिक वॉटरमध्येही असते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात लिटरमागे ८३ मिलिग्रॅमपर्यंत क्विनीन चालते. अँटीबॉडी आधीच तयार असेल तर एका पेल्यातली एवढीशी मात्राही प्लेटलेट पाडायला पुरते. पायातल्या गोळ्यांसाठी क्विनीन वापरू नये असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार बजावले आहे ते याच कारणाने.

क्विनीनचा दुसरा चेहरा याहून भयंकर आहे. काही रुग्णांत अँटीबॉडी फक्त प्लेटलेटवर थांबत नाही, पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या आतले अस्तर यांनाही धरते. अस्तर सुजते, खरवडले जाते, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या अडकतात आणि त्यांतून जाताना लाल पेशी चिरल्या जातात. गोळी घेतल्यावर काही तासांतच हुडहुडी, ताप, पोटात कळ, उलट्या, आणि मग लघवी कमी होत होत बंद. स्मिअरवर तुटक्या, शिरस्त्राणासारख्या दिसणाऱ्या लाल पेशी, वाढलेले एलडीएच (पेशी फुटल्याची खूण) आणि चढते क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) एकत्र दिसले की हा निव्वळ प्लेटलेटचा आजार नाही हे ओळखावे. बऱ्याच जणांना डायलिसिस लागते, काहींचे मूत्रपिंड पूर्ववत होत नाही. यात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलण्याचा फायदा दिसलेला नाही. पण हुबेहूब असेच दिसणाऱ्या टीटीपी नावाच्या आजारात प्लाझ्मा बदलणे जीव वाचवते, म्हणून निदान पक्के होईपर्यंत डॉक्टर ते सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. मात्र सुरू करण्यापूर्वी एडॅमटीएस-१३ या एन्झाइमसाठी रक्ताचा नमुना काढून ठेवला पाहिजे. बाहेरचा प्लाझ्मा आत गेल्यावर ती चाचणी अर्थहीन होते. टीटीपीत हे एन्झाइम १० टक्क्यांच्या खाली गेलेले असते, क्विनीनच्या आजारात तसे होत नाही. टिक्लोपिडीन या जुन्या गोळीमुळे मात्र थेट या एन्झाइमविरुद्धच अँटीबॉडी तयार होत असे, आणि तिथे प्लाझ्मा बदलल्याने गुण येई. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, जेमसायटाबिन यांच्यामुळेही अस्तर बिघडते. तिथे अँटीबॉडीचा संबंध नसतो, औषधाची मात्रा आणि एकूण काळ यांचा असतो, आणि तो बिघाड बहुधा हळूहळू होतो.

आता दुसरा प्रकार, ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहावेसे वाटले. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध. शस्त्रक्रिया, हृदयविकार, डायलिसिस, अतिदक्षता विभाग, सगळीकडे ते लागते. त्याच्याऐवजी काही दुसरे वापरा असे कुणी म्हणणार नाही. पण १९५८ साली वाइसमन आणि टोबिन या शल्यविशारदांनी कोड्यात टाकणारे रुग्ण नोंदवले. रक्त न गोठण्यासाठी हेपॅरिन चालू असतानाच त्यांच्या धमन्यांत गुठळ्या होत होत्या. या गुठळ्या पांढुरक्या होत्या, कारण त्या मुख्यतः प्लेटलेटच्या बनल्या होत्या. हे औषधामुळेच होते आणि मध्ये प्रतिकारयंत्रणा आहे हे १९७३ पर्यंत स्पष्ट झाले. नेमके लक्ष्य सापडले ते १९९२ साली, फ्रान्समध्ये जाँ अमिराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना.

प्लेटलेटच्या पोटातल्या पुड्यांत पीएफ-४ नावाचे प्रथिन असते. त्यावर धन विद्युतभार असतो. हेपॅरिनची साखळी ऋण भाराची. दोन्ही एकमेकांना घट्ट बिलगतात, त्यात पीएफ-४ चा आकार जरा बदलतो, आणि शरीराला ते परके वाटते. तयार झालेली अँटीबॉडी एका टोकाने या जोडगोळीला धरते आणि दुसऱ्या टोकाने प्लेटलेटवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) डिवचते. ही प्लेटलेट नुसती मरत नाही. ती पेटते. चिकट होते, आणखी पीएफ-४ बाहेर टाकते, त्यावर आणखी अँटीबॉडी बसते आणि रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन या एन्झाइमचा लोंढा सुटतो. काउंट उतरतो तो प्लेटलेट गुठळ्या बांधण्यात खर्च झाल्यामुळे.

रक्तवाहिन्यांच्या अस्तराची यातली भूमिका फारशी कुणी सांगत नाही. अस्तराच्या पेशींवर हेपॅरिनशी नाते सांगणारी हेपॅरान सल्फेट नावाची साखर असते. रक्त आपल्या वाटेत गोठत नाही याचे एक कारण ही साखर. पेटलेल्या प्लेटलेटमधून सुटलेले पीएफ-४ या साखरेवर जाऊन बसते आणि अँटीबॉडी त्याला तिथेही गाठते. मग जे अस्तर गोठणे रोखत होते तेच गोठणे सुरू करणारे घटक बाहेर काढू लागते. जिथे अस्तर आधीच दुखावलेले असते, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी, शिरेत घातलेल्या नळीभोवती किंवा जुन्या हृदयविकाराच्या धमनीत, तिथे गुठळी आधी धरते. पांढऱ्या पेशीही या आगीत सामील होतात. म्हणूनच हेपॅरिन बंद केले तरी आग त्याच दिवशी विझत नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधे हेपॅरिन घेणाऱ्यांत हे १ ते ५ टक्के, तर लहान रेणूंच्या हेपॅरिनमध्ये, जसे एनॉक्सापॅरिन, १ टक्क्याहून कमी लोकांत होते. लहान साखळीला पीएफ-४ चे मोठे पुंजके बांधता येत नाहीत, हे त्याचे कारण. आकडा छोटा वाटेल, पण हेपॅरिन किती लोकांना दिले जाते हे लक्षात घ्यावे. आणि नुसते हेपॅरिन थांबवून गप्प बसलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना पुढच्या महिन्याभरात गुठळी होते. पायातल्या शिरा आणि फुप्फुसे सर्वांत जास्त, पण पायाची धमनी, मेंदू, हृदय, अगदी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीची शीरसुद्धा सुटत नाही.

ओळखायचे कसे? प्लेटलेट १० हजारांवर कोसळल्या की हेपॅरिनवर संशय घ्यायचा, असा एक समज आहे. तो उलटा आहे. या आजारात काउंट बहुधा २० हजारांच्या वरच राहतो, साधारण ५०-६० हजारांच्या आसपास. महत्त्व आहे ते घसरणीच्या टक्क्याला. एक उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियेआधी २ लाख. पहिल्या तीन-चार दिवसांत १ लाख १० हजार, जे मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अपेक्षितच असते. सातव्या दिवशी ३ लाख ८० हजार, कारण बरे होताना प्लेटलेट उसळी घेतात. नवव्या दिवशी १ लाख ७० हजार. या शेवटच्या रिपोर्टवर कुठेही लाल खूण येणार नाही, कारण आकडा ‘नॉर्मल’ मर्यादेत बसतो. पण दोन दिवसांत तो ५५ टक्क्यांनी पडला आहे, आणि तोही नेमका पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या खिडकीत. हा रुग्ण धोक्यात आहे. तुलना शस्त्रक्रियेआधीच्या आकड्याशी नव्हे, घसरणीपूर्वीच्या सर्वांत वरच्या आकड्याशी करायची. रोजचे सुटे रिपोर्ट फाइलमध्ये लावण्याऐवजी एका कागदावर तारीख, काउंट आणि हेपॅरिन असे तीन रकाने आखले, तर ही घसरण तपासणीला आलेल्या सिस्टरलाही दिसते. एवढ्या एका कागदाने पाय वाचू शकतो असे आम्ही पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

निदानासाठी जगभर वापरली जाते ती चार प्रश्नांची गुणपद्धत, ज्यात प्रत्येक प्रश्नाला ० ते २ गुण असतात. घसरण किती (निम्म्याहून जास्त आणि तळ २० हजार वा त्यावर असेल तर २), कधी (५ ते १० दिवस, किंवा गेल्या ३० दिवसांत हेपॅरिन घेतलेले असताना पहिल्याच दिवशी, तर २), नवी गुठळी किंवा इंजेक्शनच्या जागी काळी पडलेली कातडी आहे का, आणि दुसरे कारण दिसते का. दुसरे कारण अजिबात दिसत नसेल तर २, जंतुसंसर्गासारखे ठोस कारण असेल तर ०. बेरीज ३ किंवा कमी असेल तर हा आजार जवळपास नाहीच असे समजून हेपॅरिन चालू ठेवता येते. ४ ते ५ मध्यम शक्यता आणि ६ ते ८ दाट शक्यता. बेरीज ४ किंवा जास्त असेल तर रक्त चाचणीला पाठवायचे आणि रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे.

चाचणीबद्दलही थोडे सांगायला हवे. पीएफ-४ अँटीबॉडीची एलायझा चाचणी निगेटिव्ह आली तर आजार नाही असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असे मात्र नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतर पुष्कळांत अँटीबॉडी सापडते आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. म्हणून रिपोर्टवर फक्त ‘पॉझिटिव्ह’ लिहून देणे अपुरे आहे, ऑप्टिकल डेन्सिटीचा, म्हणजे चाचणीत उमटणाऱ्या रंगाच्या गडदपणाचा, आकडा दिला पाहिजे. ०.४ च्या जरा वर असलेला निकाल आणि २ च्या वरचा निकाल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नमुन्यात जादा हेपॅरिन घातल्यावर प्रतिक्रिया निम्म्याहून कमी झाली तर अँटीबॉडी खरी असण्याची शक्यता वाढते, कारण हेपॅरिन फार झाले की पुंजके विरघळतात. अँटीबॉडी खरोखर प्लेटलेट पेटवते का हे दाखवणारी सिरोटोनिन सुटण्याची चाचणी सर्वांत भरवशाची, पण ती मोजक्याच ठिकाणी होते. गुणांची बेरीज ३ च्या आत असताना उगाच एलायझा पाठवू नये. एका खोट्या पॉझिटिव्ह रिपोर्टपायी रुग्णाला रक्तस्रावाचा धोका असलेले महागडे औषध विनाकारण सुरू होते.

उपचारात पहिले काम हेपॅरिन थांबवणे, आणि ते दिसते तितके सोपे नाही. इंजेक्शन बंद होते, पण शिरेतली लाइन वाहती ठेवण्याच्या फ्लशमध्ये हेपॅरिन असते, धमनीतल्या लाइनच्या दाबाच्या पिशवीत असते, डायलिसिसच्या नळ्यांत असते, काही कॅथेटरना त्याचा लेप असतो, रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या काही कुप्यांतही असते. पलंगाशी ‘हेपॅरिन नको’ अशी पाटी लावून हे एकेक शोधून काढावे लागते. एनॉक्सापॅरिनवर बदलणे हा उपाय नव्हे, जुनी अँटीबॉडी त्यालाही ओळखते.

दुसरे काम त्याच दिवशी वेगळ्या जातीचे औषध सुरू करणे. अर्गाट्रोबान मिनिटाला किलोमागे २ मायक्रोग्रॅमने सुरू करतात, यकृत बिघडलेले असेल तर ०.५ ने. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) मूळच्या दीड ते तीनपट ठेवायचा असतो. मूत्रपिंड ठीक असेल तर फोंडापॅरिनक्स त्वचेखाली दिवसातून एकदा: वजन ५० ते १०० किलो असेल तर ७.५ मिलिग्रॅम, त्याखाली ५, त्यावर १०. बायव्हॅलिरुडिन आणि, स्थिर रुग्णात, रिव्हारोक्साबानसारख्या गोळ्याही वापरल्या जातात. पाय सुजलेले दिसत नसले तरी दोन्ही पायांची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी, कारण लपलेली गुठळी सापडली तर उपचाराचा काळ बदलतो. गुठळी असेल तर किमान ३ महिने, नसेल तर निदान प्लेटलेट पूर्ववत होऊन स्थिरावेपर्यंत.

तिसरी गोष्ट न करण्याची आहे आणि तिच्यामुळे हातपाय गेले आहेत. हेपॅरिन बंद केले, आता वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी देऊ, असे करू नये. वॉरफरिन पहिल्या दोन दिवसांत गोठणे रोखणारे प्रोटीन सी पाडते, पण थ्रॉम्बिनचा कच्चा माल असलेला घटक तोवर रक्तात भरपूर शिल्लक असतो. त्याच वेळी रक्त गोठवणारा सातवा घटक लवकर संपल्याने आयएनआर (वॉरफरिनचा परिणाम मोजणारा आकडा) ४ च्या वर जातो आणि रक्त पुरेसे पातळ झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात पायाच्या बारीक शिरा गोठून बोटे काळी पडत असतात, आणि घोट्यापाशी नाडी मात्र लागते. नाडी लागतेय म्हणून धमनी ठीक, म्हणून काळजी नाही, हा निष्कर्ष इथे घातक ठरतो. वॉरफरिन आधीच दिले गेले असेल तर व्हिटॅमिन के, ५ ते १० मिलिग्रॅम, देऊन त्याचा परिणाम उलटवावा. प्लेटलेट दीड लाखापर्यंत आल्यावरच वॉरफरिन सुरू करावे, ५ मिलिग्रॅमहून जास्त नको, आणि आधीचे औषध किमान ५ दिवस सोबत चालू ठेवावे. अर्गाट्रोबान स्वतःच आयएनआर वाढवते, त्यामुळे दोन्ही चालू असताना आयएनआर ४ च्या वर गेल्यावर अर्गाट्रोबान थांबवून ४ ते ६ तासांनी पुन्हा तपासायचा असतो.

काउंट किती वेळा पाहावा? शस्त्रक्रियेनंतर साधे हेपॅरिन चालू असेल तर चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत निदान एक दिवसाआड. मध्यम धोक्याच्या रुग्णांत दर दोन-तीन दिवसांनी. गेल्या महिन्यात हेपॅरिन मिळालेले असेल तर पहिल्या दिवसापासूनच. घरी गेल्यावरही धोका पूर्ण टळत नाही, हेपॅरिन थांबल्यानंतर तीन आठवड्यांपर्यंत हा आजार उफाळू शकतो. शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा दिवसांनी पोटरी दुखून सुजली, दम लागला, किंवा पोटावर इंजेक्शन दिलेली जागा काळी पडली, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘दवाखान्यात हेपॅरिन मिळाले होते’ हे वाक्य आवर्जून सांगावे. ते न सांगितल्यामुळे गुठळीवर उपचार म्हणून पुन्हा हेपॅरिनच सुरू होते.

२०२१ मध्ये कोविडच्या, सर्दीच्या विषाणूवर बेतलेल्या लसींनंतर फार थोड्या लोकांत मेंदूतल्या शिरांत गुठळ्या झाल्या, तोही याच पीएफ-४ अँटीबॉडीचा खेळ होता, फक्त हेपॅरिनशिवाय. तो इतक्या लवकर उलगडला, कारण हेपॅरिनच्या रुग्णांनी वाट आधीच दाखवून ठेवली होती. तिथे इम्युनोग्लोब्युलिन, किलोमागे १ ग्रॅम रोज असे दोन दिवस, आणि हेपॅरिन सोडून दुसरे गोठणविरोधी औषध हा उपचार ठरला.

शेवटी डिस्चार्ज कार्डाविषयी. कार्डावर ‘प्लेटलेट कमी, उपचाराने बरे’ एवढेच लिहिलेले असते, आणि अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ‘नाही’. तिथे चार गोष्टी हव्यात: औषधाचे मूळ नाव, ते सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, सर्वांत कमी काउंट, आणि कोणती चाचणी झाली व तिचा आकडा. मूळ नाव अशासाठी की कंपनीचे नाव बदलले की तेच औषध नव्या वेष्टनात परत येते. रिफाम्पिसिन तर क्षयरोगाच्या मिश्र गोळीत इतर औषधांबरोबरच असते, आणि एकदा त्याने प्लेटलेट पाडल्या असतील तर ते पुन्हा कधीही, अगदी थोड्या मात्रेतही, देऊ नये. क्विनीन आणि त्या गटातल्या औषधांच्या अँटीबॉडी वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून तिथे मनाई आयुष्यभराची. हेपॅरिनची अँटीबॉडी मात्र बहुतेकांत १०० दिवसांच्या आत विरते. हेपॅरिन टाळायचे ते इथेही कायमचेच. तरीही अशा माणसाला पुढे कधी हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर चाचणी निगेटिव्ह असल्याची खात्री करून फक्त शस्त्रक्रियेच्या टेबलावर, तेवढ्या वेळापुरते हेपॅरिन वापरता येते, आधी आणि नंतर दुसरे औषध. अँटीबॉडी अजून असेल आणि शस्त्रक्रिया थांबू शकत असेल, तर ती पुढे ढकलायची. हा निर्णय घेणाऱ्या सर्जनपुढे त्या दिवशी असते ते फक्त कार्ड, आणि त्यावरची तारीख.

आपले,
रक्तविकार विभागात काम करणारे काही डॉक्टर